लेक आयटीत आहे, पण कशी आहे?

मैत्रिणींनो, हल्ली आमच्या कराडमध्ये कुठल्याही हळदीकुंकवाला जा, दोन गोष्टी कानावर पडतातच. एक म्हणजे सोन्याचा भाव. आणि दुसरी, ‘आमची हिंजवडीला असते, आयटीत!’ हे वाक्य म्हणताना आईचा आवाज आपोआप थोडा चढतो. का नाही चढणार? कुणी पिको-फॉल करून, कुणी डबे देऊन, कुणी शेताच्या तुकड्यावर कर्ज काढून मुलीला इंजिनीअर केलेलं असतं. पण पुढे विचारावं, ‘अगं, तिथे ती करते काय?’ तर उत्तर येतं, ‘कॉम्प्युटरवर असतं काहीतरी.’ आणि ‘तिला आवडतं का गं तिथे?’ असं विचारलं, की समोरची आपल्याकडे बघतच राहते. लागलेली नोकरी कुणी आवडते का म्हणून विचारतं होय?

मी बी.ए. झालेली गृहिणी. कॉम्प्युटरशी माझा संबंध महिला मंडळाच्या हिशेबापुरता. पण मंडळाच्या कामामुळे गावातल्या लेकीसुना माझ्याशी मोकळेपणी बोलतात. गेल्या दिवाळीत सुट्टीला आलेल्या आठ-दहा जणींना मी फराळाला बोलावलं आणि सरळ विचारलं, ‘तुमच्या कंपनीत तुम्हाला काय आवडतं आणि काय आवडत नाही, ते सांगा. पगार सोडून.’ नंतर बहिणीच्या मुलीकडे वाकडला चार दिवस राहून आले. तिथे तिच्या मैत्रिणी भेटल्या, बरोबरचे एक-दोन मुलगेही भेटले. कुणाचं नाव, कुणाची कंपनी इथे लिहीत नाही. पोरींनी विश्वासाने सांगितलंय.

‘काय आवडतं?’ याला पहिलं उत्तर काय आलं असेल? ‘काकू, स्वच्छ बाथरूम!’ सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण मग ती मुलगी म्हणाली, ‘हसू नका. कॉलेजची चार वर्षं मी सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायले नाही.’ हसणं थांबलं. आपल्यापैकी कितीजणींनी एसटीच्या प्रवासात हेच केलंय! तिच्या ऑफिसात प्रत्येक मजल्यावर पाणी असलेली, कडी लागणारी, उजेडाची बाथरूम्स आहेत. तिला तिथली काचेची इमारत नाही आठवली, बाग नाही आठवली, हे आठवलं.

दुसरी म्हणाली, ‘तिथे मी नुसती मी असते.’ गावात ती अमक्या गुरुजींची नात, तमक्याची पुतणी. रस्त्यात कुणाशी दोन मिनिटं बोलली तरी ती घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचते. कंपनीत गळ्यातल्या कार्डावर तिचं नाव, फोटो आणि नंबर. कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही. वडिलांच्या वयाच्या साहेबांनाही नावाने हाक मारायची पद्धत. ‘पहिले सहा महिने माझ्या तोंडातून सर सुटेचना,’ ती सांगत होती. आणखी एकीला नवल वाटायचं ते कॅन्टीनचं. जेवल्यावर प्रत्येकजण आपलं ताट स्वतः उचलून ठेवतो, मुलगेसुद्धा. ‘टेबल पुसायला अजून कुणी मलाच कसं सांगितलं नाही, असं मला आठवडाभर वाटायचं!’

शनिवार-रविवारची सुट्टी सगळ्यांनाच आवडते. तीही अर्थात पुण्याहून कराडला यायला मिळते म्हणून. फुकट शिकायला मिळतं, नवीन कोर्स करता येतात, हेही आवडीचं. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा काढतात आणि काही ठिकाणी थोडे पैसे भरून त्यात आईवडिलांनाही घेता येतं. एकीच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यातून झालं. ‘बाबांनी सोसायटीकडे हात पसरायचे राहिले,’ ती म्हणाली. हे सांगताना तिची मान जी ताठ झाली ना, ती लाख रुपयांची पगारवाढ मिळूनही झाली नसती.

पगार सोडून बोला म्हटलं होतं, तरी तो आलाच. कारण आपल्याकडे त्याबद्दल गैरसमज फार. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कॉलेजातून नुकत्याच लागलेल्या साध्या इंजिनीअरला साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मिळतं आणि हा आकडा गेली दहाएक वर्षं फारसा हललेला नाही. मधल्या काळात वाकडच्या खोल्यांची भाडी मात्र थांबली नाहीत. शिवाय पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. कंपनी भरते तो भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, ‘मिळाला तर मिळाला’ असा बोनस, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. फराळाला आलेल्या एकीचे हातात जेमतेम चोवीस हजार येतात. त्यातले नऊ पीजीला जातात. घरी पाच पाठवते. आणि इकडे चुलते म्हणतात, ‘आता काय बाई, लाखात खेळतेस!’

आता न आवडणाऱ्या गोष्टी. त्या सांगायला मुलींना जरा वेळ लागला. एकमेकींकडे बघत होत्या. मी चहा टाकायला आत गेले आणि परत आले, तर बोलणं सुरू झालेलं होतं.

पहिली तक्रार घड्याळाची. काम इथे, पण ते काम देणारा ग्राहक अमेरिकेत किंवा इंग्लंडात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात आणि हिवाळ्यात साडेसात. तिकडे घड्याळं तासभर मागेपुढे करतात ना, म्हणून. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ नाहीतर साडेदहा. म्हणजे त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आमच्या पोरींचा संपलेला असतो, आणि तेव्हाच कॉल असतो. कॉल म्हणजे बैठकच, पण फोनवर किंवा स्क्रीनवर. बरं, रात्री जागली म्हणून सकाळी उशिरा जायचं, असंही प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

रात्रीचा विषय निघाला की आपल्या पोटात गोळा येतो आणि ते खोटं नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका कॉल सेंटरमधल्या तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला होता. त्यानंतर गाड्यांची शिस्त कडक झाली. रात्री सगळ्यात शेवटी उतरणारी मुलगी असेल, तर गाडीत सुरक्षारक्षक हवा, हा त्यातलाच नियम. मुली म्हणाल्या, गाडीची भीती आता तितकी वाटत नाही. वैताग येतो तो रस्त्याचा. वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत आठ-नऊ किलोमीटर असेल नसेल. मी स्वतः भाचीबरोबर संध्याकाळी त्या रस्त्याने आले. सव्वा तास! शेजारच्या गाडीतली मुलगी स्टिअरिंगवर वही ठेवून काहीतरी लिहीत होती.

दुसरी तक्रार ‘बेंच’ची. हा शब्द मला नवा होता. एका ग्राहकाचं काम संपलं आणि दुसरं मिळालं नाही, की कर्मचारी बेंचवर. पगार चालू, काम नाही. मी म्हटलं, ‘मग चांगलंच की!’ तशी सगळ्या एकदम म्हणाल्या, ‘नाही काकू!’ लग्नघरात आपल्याला कुणी कामच सांगू नये, सगळ्याजणी धावपळ करताहेत आणि आपण खुर्चीत, असं वाटतं म्हणे. वर भीती, की काम नाही म्हणजे उद्या गरजही नाही. ही भीती उगाच नाही. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएस या देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने नियम केला, की वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असलंच पाहिजे, बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीत चिकटलं की सरकारी नोकरीसारखं, असं आपण म्हणायचो, तिची ही गोष्ट. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन घरांत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला होता.

तिसरी तक्रार वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या शेऱ्याची, रेटिंगची. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी सगळ्यांना चांगला शेरा नाही. बऱ्याच ठिकाणी वरचे किती, मधले किती, खालचे किती, हे आधीच ठरलेलं असतं. शाळेत असं केलं तर आपण मुख्याध्यापकांकडे जाऊ. इथे मॅनेजर सांगतो, ‘तू छान काम केलंस, पण...’ या ‘पण’वर एक मुलगी दहा मिनिटं बोलली. तिचा शेरा उतरला होता ते बाळंतपणाच्या वर्षी.

इथे जरा थांबते, कारण हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा भाग. २०१७ साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही सक्तीची झाली. आयटी कंपन्यांत ही रजा मिळते, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार परत आल्यावरची. सहा महिन्यांत तिची जागा दुसऱ्याला दिलेली. नवं काम, नवी माणसं, आणि वर्षभराच्या कामाचा शेरा मात्र सहा महिन्यांच्या कामावर. तो लागला ‘साधारण’. त्यामुळे पगारवाढ साधारण, बढती पुढच्या वर्षी. कायद्याने दिलेलं एका हाताने घ्या आणि दुसऱ्या हाताने ठेवा, असं झालं की हो! पाळणाघर ऑफिसात आहे, पण वाकडहून त्या सव्वा तासाच्या रस्त्याने वर्षाचं बाळ न्यायचं कसं, हे कायद्यात नाही.

मग घरून काम. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या पोरी लॅपटॉप घेऊन गावाकडे आल्या. तेव्हा पहिल्यांदा आपण त्यांची नोकरी डोळ्यांनी पाहिली. माझ्या शेजारणीची सून त्या काळात इथे होती. सासूबाई म्हणायच्या, ‘नुसती बसलेली असते दिवसभर, आणि वर म्हणते दमले.’ त्या सुनेने मला स्क्रीनवरचा एक हिरवा ठिपका दाखवला. आपण कामावर आहोत, हे तो ठिपका सगळ्यांना सांगतो. पाच मिनिटं कॉम्प्युटरला हात लागला नाही, तर तो पिवळा होतो. ‘काकू, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी पिवळी होते!’ विनोदाने म्हणाली, पण डोळे ओढलेले होते. ऑफिसात असताना तिला निदान जेवायला आयतं ताट मिळत होतं. आता बऱ्याच कंपन्यांनी आठवड्यातले काही दिवस किंवा सगळे दिवस परत बोलावलंय. तिला विचारलं, कुठलं बरं? म्हणाली, ‘मूल लहान आहे तोवर घर. पण सासूबाई गावी गेलेल्या असतील तेव्हाचं घर.’

लग्नाळू मुलींचं दुःख आणखी निराळं. स्थळ येतं, पॅकेज विचारतात, आणि मग हळूच, ‘रात्रीचे कॉल वगैरे नसतील ना?’ एकजण फटकन म्हणाली, ‘फ्लॅटच्या हप्त्याला आयटीवाली हवी, रात्रीच्या कॉलला मात्र नको!’

वरिष्ठाच्या वागण्याची तक्रारही एकीने सांगितली, सगळ्या गेल्यावर, दारात चप्पल घालताना. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती लागते, तिची अध्यक्ष बाईच असते आणि बाहेरची एक सदस्य असते. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या समितीवर मी अशी बाहेरची सदस्य आहे, त्यामुळे तिला एवढंच सांगितलं, की घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं असतं, आणि मोबाइलवरचे मेसेज पुसायचे नसतात. तिने मेसेज पुसलेले नव्हते.

आता एक गोष्ट सांगते. मंडळातल्या एकीची मुलगी गेल्या वर्षी पावसाळ्यात घरी आली. म्हणाली, ‘महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळालीये.’ आईला कोण आनंद! सकाळी नऊला ती माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. आई दाराशी चहा ठेवायची, धाकट्याला दटावायची, ‘आवाज करू नको, ताईचं काम चाललंय.’ तीन आठवडे हे चाललं. मग वडिलांना डायलिसिससाठी नेलं, तेव्हा दवाखान्यात सांगितलं, की विमा बंद झालाय. मुलीची नोकरी जाऊन महिना होत आला होता. कंपनीने तिला एका खोलीत बोलावून अर्ध्या तासात राजीनामा लिहून घेतला होता. कंपनीचा लॅपटॉप तिथेच जमा. माडीवर उघडलेला होता तो मैत्रिणीचा जुना.

आई मला म्हणाली, ‘नोकरी गेल्याचं नाही हो एवढं. तीन आठवडे माझी पोर माझ्या डोक्यावर, माडीवर बसून खोटं खोटं टाइप करत होती, आणि मी खाली हळदीकुंकवाच्या बायकांना सांगत होते, वर काम चाललंय तिचं.’

मुलीला मी नंतर विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘आईचं गावात किती चाललं होतं, माझी पोरगी, माझी पोरगी. ते मोडवेना.’ मला त्या फराळाच्या दिवशीची ती दुसरी मुलगी आठवली, तिथे कुणाची कोण हे कुणी विचारत नाही म्हणून सुखावलेली. त्या खोलीत या मुलीलाही कुणी विचारलं नाही, की बाई, तू कुणाची कोण, तुझ्या विम्यावर घरी कुणाचं डायलिसिस चाललंय.

म्हणून जिच्या घरातलं कुणी आयटीत आहे, तिला चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. बोलावून राजीनामा मागितला तर त्याच खोलीत सही करायची घाई नको, कारण आणि अटी लेखी मागाव्यात, एक दिवस तरी मागून घ्यावा. आपल्या नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत किती आहे ते आधीच वाचून ठेवावं. बऱ्याच ठिकाणी ती तब्बल नव्वद दिवसांची असते. मुलगी स्वतः सोडून जाताना कंपनी ती मुदत काटेकोर मोजते, मग काढताना आपणही मोजावी. अनुभवाचं पत्र, शेवटचा हिशेब आणि भविष्यनिर्वाह निधीचा नंबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी करून मिळेल का, हे नोकरी हातात असतानाच विचारायचं. आणि घरात कुणाला मोठं दुखणं असेल, तर कंपनीच्या विम्यावर सगळा भार टाकायचा नाही. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, ती अशा तक्रारी कामगार खात्याकडे नेते. मुलींना हे ठाऊक असतं, पण संघटनेत नाव दिसलं तर पुढची नोकरी मिळणार नाही, या धास्तीने त्या लांब राहतात. त्यांच्या धास्तीला मी नावं ठेवणार नाही.

त्या मुलीला चार महिन्यांनी दुसरीकडे काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी. कंपनी लहान आहे, काचेची इमारत नाही, दुकानांच्या वरच्या दोन मजल्यांवर आहे. वडिलांच्या डायलिसिसची सोय आईने मधल्या काळात एका धर्मादाय दवाखान्यात करून ठेवली होती, ती तिने तशीच चालू ठेवलीये.

मी भाचीला आता ‘जेवलीस का’ आणि ‘गावी कधी येतेस’ यांच्या आधी विचारते, ‘आज ऑफिसात काय झालं?’ पहिल्यांदा ती बुचकळ्यात पडली. म्हणाली, ‘का गं मावशी, कुणी काही बोललं का?’ आता सांगते. परवा तिच्या टीममध्ये नव्याने आलेल्या, भुसावळच्या एका मुलीबद्दल सांगत होती. ती अजून सगळ्यांना सर म्हणते, आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांची ताटं गोळा करायला उठते. भाचीने तिला हाताला धरून खाली बसवलं म्हणे.